मुस्लिमबंदी घालणाऱ्या ट्रम्पला २०२४ मध्ये डिअरबॉर्नसारख्या मिशिगनमधल्या अरबबहुल शहरात सगळ्यात जास्त मतं कशी पडली? आणि अमेरिकेतले मुस्लिम आधी रिपब्लिकनच होते हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, बऱ्यापैकी खरं आहे. मी डेट्रॉईटजवळ कँटनला राहतो आणि गेली दहा-अकरा वर्षं कामाला डिअरबॉर्नला जातो. मला स्वतःला इथे मत नाही, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, माझा नंबर लागेपर्यंत बहुतेक माझी मुलगी मतदान करायला लागेल. त्यामुळे जे लिहितोय ते काठावर बसून बघितलेलं.

माझ्या टीममध्ये एक लेबनीज मित्र आहे, त्याच्या वडिलांचं गॅस स्टेशन. एकदा त्याच्याकडे स्नो ब्लोअर आणायला गेलो तर गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे अंगणात रोवायची जुनी पाटी दिसली, बुश-चेनी २०००, म्हणजे रिपब्लिकन जॉर्ज बुश आणि त्याचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार डिक चेनी यांच्या प्रचाराची. मी म्हटलं ही काय भानगड, तर म्हणे बाबांनी लावलेली, तेव्हा आमच्या गल्लीत अशा बऱ्याच होत्या. आणि त्यात नवल काही नाही हो. स्वतःचा धंदा, टॅक्स नको, घरात चार मुलं, दारू नाही, गर्भपाताला विरोध, शाळेत मुलांना काय शिकवतात यावर बारीक नजर, असा माणूस रिपब्लिकन नाही तर कोण होणार? वर डेमोक्रॅट क्लिंटनच्या काळातल्या १९९६ च्या कायद्यामुळे परदेशी माणसाला गुप्त पुराव्यावर डांबून ठेवता यायचं, म्हणजे तुमच्यावर आरोप काय आहे ते तुमच्या वकिलालाही धड कळणार नाही. त्याचा फटका बहुतेक अरबांनाच बसत होता. ऑक्टोबर २००० मध्ये डेमोक्रॅट उमेदवार अल गोरबरोबरच्या दुसऱ्या डिबेटमध्ये बुशने हा मुद्दा स्वतःहून काढला, टीव्हीवर, अख्ख्या देशासमोर. ग्रोव्हर नॉर्क्विस्ट नावाचा टॅक्सविरोधी पुढारी आधीपासून मुस्लिमांना पक्षात आणायच्या खटपटीत होताच. मग मोठ्या मुस्लिम संघटनांच्या आघाडीने बुशला जाहीर पाठिंबा दिला. बुशने फ्लोरिडा ५३७ मतांनी जिंकलं आणि त्यावर अख्खी निवडणूक जिंकली, तेव्हा ती मतं आमचीच म्हणणारे बरेच निघाले, ते जाऊ दे. फक्त एक लक्षात ठेवा, हे सगळं अरब आणि आपल्याकडच्या देशी मुस्लिमांचं. काळे मुस्लिम, जे इथल्या मुस्लिमांत साधारण पाचवा हिस्सा आहेत, ते तेव्हाही डेमोक्रॅटच होते.

मग ९/११. बुश आठवड्याच्या आत वॉशिंग्टनच्या मशिदीत जाऊन इस्लाम म्हणजे शांती असं बोलला, हे खरं, पण पाठोपाठ लोकांवर पाळत ठेवायची मोकळीक देणारा पॅट्रियट अॅक्ट आला, मग ठरावीक देशांतून आलेल्या पुरुषांनी ऑफिसात जाऊन बोटांचे ठसे द्यायचं ते स्पेशल रजिस्ट्रेशन आलं, आणि मग इराकवरची चढाई. गंमत म्हणजे सद्दाम पडला तेव्हा डिअरबॉर्नचे इराकी शिया रस्त्यावर येऊन नाचले होते, कारण सद्दामने त्यांची घरं उजाड केली होती. म्हणजे मुस्लिम मतदार ही एक मोट कधीच नव्हती. आपल्याकडे टीव्हीवर ज्या सहजतेने व्होट बँक म्हणतात ना, तो शब्द इथे तरी चालत नाही. पण एकूण वारं फिरलं ते फिरलंच, २००४ ला बहुतेक मतं डेमोक्रॅट उमेदवार केरीकडे गेली. माझ्या मित्राच्या घरची पाटी मात्र २००६ ला आत गेली. त्यांचं गाव बिंत जबैल, दक्षिण लेबनॉन, इस्रायलच्या त्या वर्षीच्या युद्धात तिथे तुंबळ लढाई झाली आणि बुश इस्रायलच्या पाठीशी उभा राहिला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. रिपब्लिकन मंडळींनी २०१० ला न्यूयॉर्कमध्ये ९/११ च्या जागेजवळ होऊ घातलेल्या मशिदीवरून रान उठवलं, ओक्लाहोमात शरियाबंदीसाठी मतदान घेतलं (तिथे शरिया आणायला कोण निघालं होतं देव जाणे), २०१५ ला ट्रम्पने सगळ्या मुस्लिमांना देशात यायला बंदी करा म्हटलं आणि २०१७ ला सात देशांवर ती लादली. त्या यादीत येमेन होता, लेबनॉन नव्हता. हे लक्षात असू द्या, शेवटी उपयोगी पडेल.

आता पहिला प्रश्न. लोक फक्त गाझा म्हणतात, पण सुरुवात त्याआधी झाली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये डिअरबॉर्नच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगला समलिंगी विषयांच्या पुस्तकांवरून इतके पालक धडकले की मीटिंग गुंडाळावी लागली. जवळचं हॅमट्रॅमिक, जवळजवळ चारी बाजूंनी डेट्रॉईटने वेढलेलं दोन चौरस मैलांचं गाव, एकेकाळी पोलिश लोकांचं, तिथे येमेनी आणि बांगलादेशी वाढले आणि २०२१ च्या निवडणुकीत अख्खी कौन्सिल मुस्लिम आली, तेव्हा लिबरल मंडळींना भरून आलं. जून २०२३ मध्ये त्याच कौन्सिलने सरकारी जागेवर प्राइड झेंडा, म्हणजे समलिंगी लोकांचा इंद्रधनुषी झेंडा, लावायला बंदी केली. मग हीच मंडळी म्हणायला लागली, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहिलो आणि तुम्ही हे केलंत? मला दोन्हीकडचं कळतं, पण खरं सांगू का, देवाधर्माचा माणूस दाराशी निर्वासित म्हणून आला तरी देवाधर्माचाच असतो, हे त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

त्यावर गाझाचं युद्ध, ज्यात बायडन इस्रायलच्या पाठीशी होता. फेब्रुवारी २०२४ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, मिशिगनमध्ये लाखभर डेमोक्रॅट मतदारांनी बायडनऐवजी अनकमिटेड म्हणजे कोणालाच नाही यावर खूण केली. शरद ऋतूत दक्षिण लेबनॉनवर परत इस्रायलचे बॉम्ब पडायला लागले. आणि अशा वेळी बायडनच्या जागी उमेदवार झालेली कमला हॅरिस मिशिगनमध्ये प्रचाराला कोणाला घेऊन आली, तर लिझ चेनीला! डिक चेनीची मुलगी. मित्राचे वडील म्हणाले म्हणे, त्या पाटीवरचं अर्धं नाव आता पलीकडे गेलं, मग मी इकडे जायला काय हरकत आहे. ट्रम्प मात्र दिवाळीतच, १ नोव्हेंबरला, डिअरबॉर्नच्या एका कॅफेत येऊन बसला आणि युद्ध थांबवतो म्हणाला. हॅमट्रॅमिकचा तेव्हाचा येमेनी मेयर आमेर गालिब आधीच त्याच्याकडे गेला होता.

निकाल: डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प ४२ टक्के, हॅरिस ३६, ग्रीन पार्टीची जिल स्टाइन १८. चार वर्षांपूर्वी तिथे बायडनला सुमारे ६९ टक्के होते. म्हणजे ट्रम्पवर प्रेम उतू गेलं असं नाही, निम्म्याहून जास्त मतं त्याच्या विरोधातच आहेत, पण ती फुटली. आणि डिअरबॉर्न म्हणजे सगळे मुस्लिम असंही नाही, जनगणनेत इथे धर्म विचारतच नाहीत. माझ्या मित्राने स्टाइनला दिलं, वडिलांनी ट्रम्पला, जेवताना तो विषय काढत नाहीत.

जून २०२५ मध्ये ट्रम्पने परत १२ देशांवर बंदी आणली. येमेन आहे, लेबनॉन नाही. मी ज्याच्याकडे अदनी चहा प्यायला जातो त्या येमेनी दुकानदाराने ट्रम्पला मत दिलं होतं, त्याच्या सासूचे कागद आता अडकलेत. पस्तावलास का विचारलं तर म्हणाला, बायको रोज विचारते, तू तरी नको विचारू.