एक रात्र वाटेत राहा

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेवटचा पेपर झाला, खोली सोडायची तारीख ठरली आणि परतीच्या विमानाआधी तुम्ही चौघी गाडी घेऊन ग्रेट ओशन रोडला, ऑस्ट्रेलियाच्या त्या समुद्राकाठच्या रस्त्याला, निघणार, हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्या ओळीवर मात्र अडले: "पहाटे निघू, रात्री मेलबर्नला परत." तेवढं बदल. एक रात्र वाटेत राहा.

हे हक्काने सांगते, कारण २००४च्या डिसेंबरात माझं शिक्षण संपलं तेव्हा आम्हीही नेमकं हेच केलं होतं. खोलीचं भाडं, सामानाचं वजन, घरच्यांसाठी घ्यायच्या वस्तू, सगळ्याचा हिशेब मांडून एका रात्रीचे पैसे वाचवले. ट्वेल्व्ह अपॉसल्सपाशी, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या 'बारा प्रेषित' नावाच्या सुळक्यांपाशी, जेमतेम दहा मिनिटं थांबलो. येताना गाडी मी चालवत होते. कोलॅक गाव मागे पडलं, मागच्या सीटवर दोघी झोपलेल्या, आणि एकदम चाकाखाली रस्त्याच्या कडेची खडबडीत पट्टी घरघरली. माझा डोळा लागला होता. गाडी सावरली, कुणाला काही झालं नाही. पण तो आवाज अजून कानात आहे, म्हणून तुला थकलेल्या अंगाने रात्री गाडी चालवू नको असं सांगते आहे. दोघींनी आलटून पालटून चालवा. गाडी भाड्याने घेताना दुसऱ्या चालकाचं नाव कागदावर आहे ना, आणि अपघात झालाच तर विम्याआधी तुमच्या खिशातून किती जाणार, हे सही करण्याआधी विचारून घ्या.

हा रस्ता जिथे सुरू होतो त्या टॉर्कीहून पश्चिमेकडे जा. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, त्यामुळे समुद्र कायम तुमच्या बाजूला राहतो आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. लॉर्न ते अपोलो बे हा पट्टा म्हणजे एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला थेट पाणी. आपल्या घाटात चालवलेल्या हाताला तो जड जाणार नाही, पण घाई नको. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला थांबायच्या जागा केलेल्या आहेत. तिथे वळून त्यांना पुढे जाऊ दे.

लॉर्नच्या अलीकडे रस्त्यावर लाकडी कमान लागेल. फोटो सगळेच काढतात. तू खाली उतरून शेजारचा सैनिकांचा पुतळाही बघ. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी आणि सुरुंगांनी हा रस्ता खोदला, आपल्या न परतलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. हे मला परत आल्यावर कळलं, आणि त्या कमानीखालून मी काच वर करून, गाणी लावून गेले होते याची रुखरुख राहिली.

अपोलो बेनंतर रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो. तिथे फोनला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेव. मुक्काम मात्र ट्वेल्व्ह अपॉसल्सजवळच्या पोर्ट कॅम्पबेल गावात कर. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. त्या उजेडात कडे बघा आणि मग सावकाश मुक्कामाला जा, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात.

सकाळी जवळच्या लॉक आर्ड गॉर्ज या घळीत खाली वाळूवर उतर. १८७८ साली इंग्लंडहून मेलबर्नला निघालेलं लॉक आर्ड जहाज इथे फुटलं. ५४ जणांपैकी दोनच वाचले, टॉम पिअर्स आणि इव्हा कारमायकेल, दोघंही तुझ्याहून लहान. टॉम किनाऱ्याला लागला होता, पण तिची हाक ऐकून पुन्हा पाण्यात शिरला आणि तिला ओढून आणलं. मग कडा चढून मदत शोधायला गेला. इव्हाचे आई-वडील आणि भावंडं त्याच जहाजावर होती. त्या घळीत उभं राहिलं की दोन्ही भिंतींवरून लाटेचा आवाज परत येतो. तो शांतपणे ऐकायला वेळ हवा, म्हणून एवढा आग्रह. आणि पोहायचं असेल तर फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, इतरत्र कुठेही नाही. तो समुद्र ओढून नेतो.

मी गेले तेव्हा ट्वेल्व्ह अपॉसल्सपाशी चुनखडीचे नऊ सुळके उभे होते. नाव बाराचं, पण ते बारा कधीच नव्हते. जुलै २००५मध्ये त्यातला एक, जवळपास ५० मीटर उंचीचा, काही क्षणांत कोसळला. लाटा बुंधा खात राहतात आणि वरचा भार एक दिवस खाली येतो. बातमी वाचून मी माझे फोटो काढून बसले. तो सुळका एकाच फोटोत होता, तोही आमच्या चौघींच्या डोक्यांमागे अर्धा झाकलेला.

तू तिथे पोहोचलीस की आता किती उभे आहेत ते मोज आणि मला कळव.

तुझी,
ताई