नागपूरहून शनिवार-रविवारपुरतं शिडाच्या होडीतून समुद्रावर जावं का? उन्हाळ्याचा शेवट त्यासाठी बरा का?

तुमचा प्रश्न असा: नागपुरात राहतो, समुद्र लांब, हाताशी दोनच दिवस, आणि उन्हाळा संपत आलाय, अशा वेळी शिडाच्या होडीसाठी एवढी धावपळ करण्यात अर्थ आहे का? मीही नागपूरचाच. माझं उत्तर: नक्की जा, पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापते नऊ दिवस, लागायची वाट बघू नका.

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी जो वारा सुटतो, तो तोंड भाजून काढतो. कोकण किनाऱ्यावर त्याच उन्हाने वेगळंच घडतं. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत येते. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले खारे वारे ते हेच. जमीन तापली की दुपारचा हा वारा हमखास येतो, आणि शिडाच्या होडीला हवा असतो तो असाच भरवशाचा वारा. म्हणून मला हा उतरता उन्हाळा हिवाळ्यापेक्षा जास्त आवडतो.

मात्र वाऱ्याचं घड्याळ सांभाळावं लागतं. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा या दिवसांत अगदी क्षीण असतो, पाणी सपाट असतं. अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून झुळूक सुरू होते, दोन ते पाच ऐन भरात असते आणि सूर्य बुडता बुडता पडते. उन्हाला भिऊन सकाळची वेळ घेणारे लोक तासभर इंजिनावर फिरून परत येतात आणि म्हणतात, शिडात काही मजा नाही. नागपूरच्या माणसाने तरी दुपारच्या उन्हाला भिऊ नये. सकाळी सावलीत बसा, पोटभर नाश्ता करा, दुपारीच निघा.

प्रवास सोपा आहे. शुक्रवारी रात्री दुरांतोत बसलात की शनिवारी सकाळी मुंबईत, सीएसएमटीला. तिथून गेटवे ऑफ इंडिया टॅक्सीने जवळच. गेटवेसमोरच्या पाण्यात शिडाच्या यॉट चालकासकट भाड्याने मिळतात. पहिल्यांदा जात असाल तर दोन तास बंदरातच फिरा. थोडा सराव असेल आणि सोबत जाणता नाखवा असेल तर अलिबागजवळच्या मांडव्यापर्यंत जायला सांगा. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, त्यामुळे वायव्येचा वारा जाताना मागून मिळतो, होडी आपसूक पुढे सरकते. येताना तोच वारा तोंडावर. शिडाची होडी थेट वाऱ्यात घुसू शकत नाही, साधारण 45 अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी तिरकी चढत जावी लागते. वेळ जवळपास दुप्पट लागतो. परतीची गाडी असेल त्या दिवशी मांडव्याचा बेत अजिबात नको.

खरा आनंद मला विचाराल तर या तिरक्या चालीतच आहे. शिडाचा दोर एका हातात, सुकाणूचा दांडा दुसऱ्या हातात. होडीचं तोंड वाऱ्याकडे जरा जास्त वळलं की शीड फडफडायला लागतं. दांडा किंचित ओढायचा, दोर आवळायचा, की फडफड थांबते, शिडाला पोट येतं आणि होडी एका बाजूला कलते. आपण उलट्या बाजूला, वाऱ्याकडच्या काठावर सरकून बसायचं. झोत येण्याआधी दिसतोसुद्धा: दूर पाण्यावर बारीक सुरकुत्यांचा काळसर पट्टा तुमच्याकडे सरकत येतो. तो होडीपर्यंत पोचायच्या आत दोर थोडा सैल सोडायची तयारी ठेवायची. पहिल्यांदा असा पट्टा आपला आपल्याला ओळखता आला, की पुढचा तासभर माणूस पाण्यावरची नजर काढत नाही.

भरती-ओहोटीचं गणित घरच्या कॅलेंडरवरूनच जमतं. कोकणातली माणसं तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल तर पूर्ण भरती साधारण तीनला, द्वादशीला नऊला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. नवख्याने अष्टमीजवळचा शनिवार-रविवार निवडावा, हे माझं आग्रहाचं सांगणं.

आता मेअखेर का नको ते. मुंबईत मान्सून साधारण 11 जूनला पोचतो, पण समुद्र त्याआधीच बदलतो. वारा नैर्ऋत्येकडून यायला लागतो, लांबून लाटा उठू लागतात, वळवाचे ढग अचानक येतात. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, आणि कोळी बांधव होड्या वर ओढून झाकून ठेवायच्या कामाला लागतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबत असतील, तर हौशी माणसाने निघू नये. कोणी स्वस्तात न्यायला तयार झाला तरी नाही.

राहिला प्रश्न लांब असण्याचा. आयएनएसव्ही तारिणी या शिडाच्या नौकेवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2018 मध्ये गोव्याला परतल्या. त्यांच्या कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, म्हणजे समुद्र नसलेल्या राज्यातल्या. तुमची मुलं शाळा-कॉलेजात असतील तर एनसीसीच्या नेव्हल विंगची चौकशी जरूर करा. तिथे शिडाची होडी शिकवतात, आणि ही विद्या तळ्यातही तितकीच पक्की शिकता येते.

सामान थोडंच लागतं: पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी, चष्म्याला दोरी, भरपूर पाणी. दोर हाताळायचा असेल तर बोटं उघडी राहणारे हातमोजे घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी तळवे सोलून निघतात. लाइफ जॅकेट अंगावर चढवून, पट्टे आवळल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका; चालक म्हणाला गरज नाही, तर दुसरी होडी बघा.