दोन फिश फाइंडर आणि पडद्यावरचा पाऊस

मिरकरवाड्याच्या दादांनी लिहिलंय की ४८ फुटी ट्रॉलरवर जुना फिश फाइंडर होता (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ दाखवणारं मशीन), ५०/२०० चा, म्हणजे ५० आणि २०० किलोहर्ट्झ या दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा, गणपतीनंतर शेजारी दुसरा बसवला, आणि तेव्हापासून जुन्याच्या पडद्यावर तिरक्या ठिपक्यांचा पाऊस पडतोय. दुकानदार म्हणतो जुन्याचा ट्रान्सड्युसर (तळाला लावलेला, आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) गेला, बोट वर घ्या, बदलून देतो. दादा, हे वाचलं आणि पोटात गोळाच आला. हेच वाक्य मला ऐकवलं गेलं होतं आणि मी ते मुकाट्याने मानलं होतं.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. माझी बोट लाकडी आहे, बंदर हर्णै. फायबरच्या बोटीवर काही गोष्टी वेगळ्या असतील. गेन (मशीनच्या कानाची तीव्रता) कसा लावायचा, खोली कशी वाचायची, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

तुमचा ट्रान्सड्युसर बहुतेक ठणठणीत आहे. दोन्ही मशीन २०० वर ओरडतायत आणि एकमेकांचं ऐकतायत, एवढंच. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. ४० वावात, म्हणजे ७३ मीटरवर, तळाला जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. मशीन तेवढा वेळ कान लावून बसतं. त्या वेळात शेजारच्याने हाक मारली तर याला वाटतं आपलाच प्रतिध्वनी आला. दोघांच्या हाकांचा ठेका जुळत नाही, म्हणून तो ठिपका दर वेळी थोडा वर किंवा खाली उमटतो आणि तिरकी रेघ तयार होते. मासा असा शिस्तीत तिरका चालत नाही.

आता माझा गाढवपणा. मी दुसरं मशीन घेतलं तेही पहिल्यासारखंच, त्याच मॉडेलचं. हेतू साधा होता, भर समुद्रात एक बंद पडलं तर दुसरं हाताशी असावं. ट्रान्सड्युसर लावला पहिल्यापासून जेमतेम दोन फुटांवर, कारण तिथे भोक पाडायला सोपं होतं. पहिल्याच फेरीत मधल्या पाण्यात ठिपके दिसले. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य खलाशी, म्हणाला थवा आहे. जाळं दोनदा ओढलं, आत चार ढोमे आणि कचरा. डिझेल किती गेलं ते विचारू नका.

परत आलो तर दुकानदाराने फोनवरच निदान केलं. बोटीवर कोणी आलं नाही. ‘एक मशीन बंद करून बघितलंत का?’ हा एवढासा प्रश्नही कोणी विचारला नाही, आणि मलाही तो सुचला नाही. पौर्णिमेच्या उधाणाला बोट किनाऱ्यावर ओढली. माल ‘उद्या येतो’ होता, तो आला सहाव्या दिवशी. तोवर भांग, म्हणजे कमी भरतीचे दिवस, लागलेला. भांगाच्या भरतीला आमच्याकडे एवढी बोट पाण्यात जात नाही, त्यामुळे अमावास्येपर्यंत वाळूत बसून राहिलो. डिसेंबरचा महिना, शेजारच्या बोटी म्हाकूल (स्क्विड) भरून येतायत, आणि माझे खलाशी बैलगाड्यांवर दुसऱ्यांचा माल चढवतायत. नव्या ट्रान्सड्युसरचे पैसे वेगळे. पाण्यात उतरलो, दोन्ही मशीन लावली, आणि पाऊस तसाच! शेवटी एका म्हाताऱ्या तांडेलाने दुसऱ्या मशीनचं बटण दाबून ते बंद केलं. पडदा धुतल्यासारखा स्वच्छ. मी त्या दुकानात परत गेलो तेव्हा काय ऐकायला मिळालं? ‘दोन लावलीयत हे आधी सांगायचं ना.’ दोन्ही त्यांनीच विकली होती.

तेव्हा तुम्ही आधी नांगरावर इंजिन, इन्व्हर्टर, दिवे सगळं बंद करा. फक्त जुनं मशीन बॅटरीवर चालवून बघा. मग नवीन लावा. मग इंजिन. पाऊस नवीन लावल्यावर सुरू झाला तर दोष दोघांच्या भांडणाचा. इंजिन लावल्यावर सुरू झाला आणि वेग वाढवला की वाढला, तर दोष वायरिंगचा किंवा अल्टरनेटरचा. आणखी एक, हे बंदरात सगळ्या बोटींच्या घोळक्यात करू नका. शेजारच्या बोटीचं मशीनही तुमच्या पडद्यावर रेघा पाडतं.

भांडण असेल तर उपाय फुकट आहे. जुन्याच्या मेन्यूत जाऊन २०० बंद करा, नुसतं ५० ठेवा. पडदा दुभागलेला असेल तर ते मशीन बहुतेक दोन्ही फ्रिक्वेन्सी सोडत असतं, हे लोक विसरतात. नवीन २०० वर राहू दे. ते चर्प असेल, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीऐवजी फ्रिक्वेन्सींचा पट्टा सोडणारं, तर त्याचा वरचा बँड निवडा. तरी एखादी फिकट रेघ राहील, कारण ५० ची चौपट २०० च होते. त्यासाठी इंटरफिअरन्स रिजेक्शन पहिल्या पायरीवर ठेवा. ते लागोपाठच्या हाका ताडून बघतं आणि एकदाच दिसलेला ठिपका पुसून टाकतं. पण शेवटच्या पायरीवर नेऊ नका, बारीक मासळीही पुसली जाते. म्हाकुलाला हवेची पिशवी नसते, मुळातच फिकं दिसतं, ते तर हमखास जाईल. काही मोठ्या मशीनना एकमेकांशी ठेका जुळवायची वायर जोडता येते. तुमच्यात ती सोय असेल तर उत्तमच.

अशी विभागणी केली तर दोन मशीनचा खरा उपयोगही होतो, हे माझं स्पष्ट मत. ३० वावात २०० चा झोत तळाशी जेमतेम ११-१२ मीटर रुंद असतो, ५० चा ४० च्या पुढे. मी ५० वर शोधतो आणि २०० वर तळ बघतो, खडप आहे की चिखल. ५० वर दिसलेला थवा बोटीखालीच आहे असं समजून जाळं टाकू नका, तो बाजूला वीस मीटरवरही असू शकतो. दोन्ही मशीनवर एकच चित्र बघायचं असेल तर दुसरं कपाटात सुटं ठेवा, पैसे वाचतील. तिसरं लावणारेही बघितलेत मी. तो नुसता मिरवायचा प्रकार.

बोट पावसाळ्यात शाकाराल तेव्हा ट्रान्सड्युसर दोन बाजूंना हलवा, एक पठाणाच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या) डावीकडे, एक उजवीकडे, पंख्याच्या फेसापासून पुढे. केबल उरली तर गुंडाळून ठेवा, कापू नका. माझ्या मेहुण्याने कापून जोडली, वर्षभरात सांध्यात खारं पाणी शिरलं. ट्रान्सड्युसरच्या तोंडावर खलाशी तळाचा रंग फासतात, तिथे उभं राहून लक्ष ठेवा. थिनरचा रंग त्याचं तोंड खातो, पाण्यात कालवलेल्या (वॉटर-बेस्ड) रंगाचा पातळ हात पुरे.

आणि एलईडीवाले, म्हणजे प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणारे, इथे वाचत असतील तर, २०१७ पासून बंदी आहे हे ठाऊक असूनही तुमचे जनरेटर शेजाऱ्याच्या पडद्यावर जो कचरा पाडतात त्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी.

दादा, अमावास्येला बोट ओढायचं ठरलंय म्हणता, ते तेवढं थांबवा. जुनं ५० वर, नवीन २०० वर ठेवून, घोळक्यापासून लांब जाऊन दोन्ही पडद्यांचे फोटो टाका. आणि तुमची बोट लाकडी की फायबरची, तेही कळवा. फायबर असेल तर ट्रान्सड्युसर आतून चिकटवलाय की भोक पाडून लावलाय, तेही बघायला लागेल.