लाइट कन्सोलवर (नाटकाचे दिवे चालवायच्या यंत्रावर) शो फाइल, म्हणजे प्रयोगाची साठवलेली प्रकाशयोजना, उघडत नाही, ‘करप्ट’ म्हणते. उद्या प्रयोग आहे, काय करू?

आधी एक करा, त्या फाइलवर पुन्हा सेव्ह दाबू नका. लॅपटॉपवर तिची कॉपी घ्या, पुढचे सगळे उद्योग कॉपीवरच.

बऱ्याचदा फाइल खराब नसतेच. समजा, परभणीत सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनवर सेव्ह केलेला शो नांदेडच्या जुन्या व्हर्जनवाल्या कन्सोलवर उघडत नाही, एवढंच. दोन्हीकडचे व्हर्जन नंबर बघा. जुळत असतील तर फाइलचा आकार बघा. ० केबी दिसली तर बहुधा लिहिणं संपायच्या आत कुणीतरी पेनड्राइव्ह उपसलाय. मग कन्सोलच्या स्वतःच्या डिस्कवर शोधा. ईटीसी कंपनीच्या इऑस कन्सोलवर सेव्ह केलं की तारीख-वेळेची वेगळी फाइल बनते, आदली उघडून बघा.

शो उघडतोय पण मध्येच अडकतोय? रिकाम्या शोमध्ये आधी फक्त पॅच (कुठला दिवा कुठल्या चॅनलवर ते), मग क्यू (ठरल्या क्षणीचे प्रकाशबदल), मग इफेक्ट असं तुकड्यातुकड्यानं आणा. कुठं अडतं ते कळतं, तेवढंच नव्यानं करा.

आमच्याकडे एकदा सेव्ह होता होताच लाइट गेली, यूपीएस नव्हता. वहीतल्या क्यू-शीटवरून रात्रभर बसून सगळे क्यू परत घातले. तुमच्याकडं वही आहे ना?