कपाटातला ओव्हन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

बिल्ट-इन ओव्हनबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. तक्रार बहुतेकांची ओव्हनबद्दल आहे, पण दोष निघतो वायरिंगचा, अर्थिंगचा नाहीतर सुताराने केलेल्या खोक्याचा. त्यामुळे उत्तरांत तिकडेच जास्त जागा गेली आहे.

ओव्हन बंद केला तरी आतला पंखा पंधरा-वीस मिनिटं घरघरत राहतो. सासूबाई म्हणतात, उगाच वीज जळते. म्हणून आम्ही लगेच भिंतीवरचं बटण बंद करतो. चालेल ना? (भुसावळ)

नाही चालणार. ओव्हनला दोन पंखे असतात. एक आत, मागच्या भिंतीवर. तो गरम हवा पदार्थाभोवती फिरवतो. बंद केल्यावर घरघरतो तो दुसरा, ओव्हनच्या डोक्यावर बसवलेला. बाहेरच्या पत्र्यामधली गरम हवा ओढून तो दार आणि बटणांची पट्टी यांच्यातल्या फटीतून बाहेर टाकतो. तुम्ही मेन बटण दाबलं की हा पंखा थांबतो, पण आतली दोनशे अंशांची उष्णता कुठे जात नाही. ती वर चढते आणि टायमरचं सर्किट, नॉब, वायरींची आवरणं भाजत बसते. भुसावळच्या मे महिन्यात, स्वयंपाकघरच चाळिशीला टेकलेलं असताना, हे जास्तच घातक. विजेचं म्हणाल तर हा पंखा २५ वॅटचा धरला तर वीस मिनिटांत एका युनिटचा शंभरावा भागही जळत नाही. तो आपोआप थांबेल तेव्हाच मेन बंद करा.

ओव्हन तापूनही हा पंखा सुरूच होत नसेल, तर मात्र वापर थांबवून दुरुस्तीवाल्याला बोलवा.

उधईच्या धास्तीने सगळं किचन पीव्हीसी बोर्डचं करून घेतलं. वर्षभरात ओव्हनच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या फुगल्या, वरच्या कपाटाचं दार घासतं. ओव्हनमध्ये खोट आहे का? (शहादा)

ओव्हनमध्ये नाही, खोक्यात आहे. पीव्हीसी फोम बोर्ड पाण्याला आणि उधईला दाद देत नाही हे खरं, पण साधारण ७०-८० अंशांना तो नरम पडतो. ओव्हनच्या शेजारचं लाकूडकाम ९० अंशांच्या आसपासची उष्णता सोसणारं असावं, असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सुतार ती पुस्तिका उघडत नाही आणि दुकानदार ती द्यायला विसरतो.

सगळं किचन उखडायची गरज नाही. फक्त ओव्हनचा खण १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायवूडचा करून घ्या. त्यावर आयएस ७१० चा शिक्का पाहून घ्या आणि कापलेल्या कडांना उधईचं औषध लावून घ्या. ६० सेंमीच्या नेहमीच्या ओव्हनला आतून रुंदी ५६० मिमी, खोली किमान ५५० मिमी आणि उंची ५९० ते ६०० मिमी लागते. नेमकं माप मात्र तुमच्या मॉडेलच्या आकृतीवरूनच घ्या.

या खणाला मागची फळी नको. ओव्हन ज्या फळीवर बसतो ती भिंतीपर्यंत न नेता मागे ३५ ते ५० मिमी फट सोडायची आणि खाली स्कर्टिंगला (कपाटाच्या तळाशी असलेल्या पट्टीला) जाळीचं तोंड ठेवायचं. खालून थंड हवा आत येते, मागून वर चढते, असा तो हिशेब आहे. उंदरांच्या भीतीने लोक ही फट चिंध्या कोंबून बंद करतात आणि मग पट्ट्या फुगतात. उंदीर अडवायचे तर पाव इंच किंवा त्याहून लहान भोकांची लोखंडी जाळी स्कर्टिंगच्या तोंडाला ठोका. ओव्हनच्या स्वतःच्या फटींवर काहीही लावू नका.

खण बदलताना आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. दार उघडल्यावर चौकटीत दिसणारे स्क्रू बाजूच्या फळीत घट्ट बसलेत का? पीव्हीसीत ते पोकळ पडतात. मग उघड्या दारावर जड ट्रे ओढला की अख्खा ओव्हन पुढे कलंडू शकतो. आणि प्लग ओव्हनच्या पाठीमागे दडपलेला नाही ना? साध्या घरगुती वायरीचं आवरण ७० अंशांपर्यंतचंच असतं. सॉकेट शेजारच्या कपाटात, हात पोचेल असं हवं. वायर ओव्हनच्या पाठीला टेकता कामा नये.

पावसाळ्यात तीन महिने ओव्हन वापरला नाही. आता चालू केला की दोन-चार मिनिटांत घरातली सगळी वीज जाते. वायरमन म्हणतो, ते ईएलसीबी काढून टाकू. (अमळनेर)

ते अजिबात काढू देऊ नका. जिवाची राखण करणारी घरातली तीच एक वस्तू आहे.

आधी पडतं काय ते बघा. एमसीबी पडत असेल तर भार जास्त झालाय किंवा शॉर्ट आहे. ईएलसीबी (हल्ली आरसीसीबी म्हणतात) पडत असेल तर वीज कुठूनतरी जमिनीकडे झिरपते आहे. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरची असते. तेवढी गळती झाली की ती पडते. तुमच्या वर्णनावरून ही गळतीच दिसते आणि कारण बहुधा दमट झालेला हीटर आहे. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ओव्हन महिनोन्महिने थंड पडून राहिला की ती भुकटी हवेतला ओलावा शोषते आणि तिचा रोध कमी होतो.

आता तपासणी. आधी फक्त दिव्याचं फंक्शन लावा, मग फक्त पंख्याचं, मग खालचा हीटर, वरचा ग्रिल, शेवटी पंख्याभोवतीचा गोल हीटर. ज्याच्यावर पडेल तो संशयित. बाकीचे ठीक चालत असतील तर त्यांच्यावर १०० ते १२० अंशांना अर्धा-पाऊण तास रिकामा ओव्हन चालवा आणि गार झाल्यावर संशयित हीटर पुन्हा लावून पाहा. पुष्कळदा एवढ्यानेच ओल उडते. तरीही पडत असेल तर मेगर (असा मोठा रोध मोजायचं यंत्र) असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा. हीटर आणि बॉडी यांच्यात किमान १ मेगाओहम दिसायला हवा. त्याहून बराच कमी दिसला तर हीटर बदला. पुढच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा १५० अंशांना वीस मिनिटं ओव्हन तापवत जा.

वायरमन आलाच आहे तर अर्थिंगही तपासून घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, तसा अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं. ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याच दिवशी वापर थांबवा.

आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. केक मधे कच्चा राहतो. स्टॅबिलायझर घेऊ का? (चोपडा तालुका)

हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टला २८०० वॅट देणारा ओव्हन १९० ला जेमतेम १९०० वॅट देतो. ओव्हन तापतो तेवढाच, पण फार सावकाश. म्हणजे तापायला दहा मिनिटांऐवजी वीस लागली तर लागू द्या, बटणांजवळचा तापमानाचा दिवा विझून ठरलेलं तापमान आल्याचं कळल्याशिवाय केक आत ठेवू नका. मधे दार उघडून बघणं अशा वेळी फारच महागात पडतं, कारण गेलेली उष्णता भरून यायला वेळ लागतो.

कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर नको. ओव्हनला ४-५ केव्हीएचा लागेल आणि तो घेण्यापेक्षा केक दुपारी करणं स्वस्त. भीती जास्त व्होल्टेजची आहे. रात्री उशिरा २६० च्या वर जात असेल तर टायमरचं सर्किट उडतं. त्यासाठी कमी-जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारं उपकरण मीटरनंतर बसवून घ्या आणि महावितरणकडे लेखी तक्रार करा. ओव्हन इन्व्हर्टरच्या लाईनवर तर कधीच नको.

जोडणीबद्दल थोडं, कारण हे चार-पाच पत्रांत विचारलं आहे. २८०० वॅट म्हणजे सुमारे १२ अँपिअर, तेही तासभर सलग. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉईंटवर कन्व्हर्टर पिन लावून ओव्हन चालवणं म्हणजे सॉकेट जाळणं. मेन बोर्डापासून ४ चौ. मिमी तांब्याची स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि स्वतःचा एमसीबी घ्या. त्याच लाईनवर गिझर किंवा इंडक्शन नको. ओव्हन ३ किलोवॅटच्या वर असेल तर प्लगऐवजी २० अँपिअरचा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) बरा. महिन्यातून एकदा, ओव्हन चालून थांबल्यावर प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट सैल आहे.

भरताची वांगी ओव्हनमध्ये भाजता येतात का? एक फुटलं आणि सगळीकडे उडालं. धुराची चव यावी म्हणून आत पेटता कोळसा ठेवला तर? (जळगाव)

कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची सर येणार नाही, हे आधीच सांगतो. पण गच्ची नसलेल्या फ्लॅटमध्ये ओव्हन चांगलं काम देतो. आपलं हिरवं-पांढुरकं भरिताचं वांगं (२०१६ मध्ये त्याला जीआय मानांकन मिळालं) मोठं आणि गराने भरलेलं असतं. आतल्या पाण्याची वाफ होते, साल तिला वाट देत नाही आणि वांगं फुटतं. म्हणून चाकूच्या टोकाने खोलवर सहा-सात भोकं पाडायची. देठ राहू द्या, उलटायला बरा पडतो. तेल अगदी बोटभर चोळायचं. जाळी मधल्या घरात, तिच्याखाली ट्रे, ग्रिल आणि पंखा एकत्र लावून २२० अंश, ३५ ते ४५ मिनिटं. अर्ध्या वेळात एकदा उलटायचं. देठाजवळ सुरी अडखळली नाही की झालं. मग झाकून दहा मिनिटं ठेवा, साल सहज सुटते.

ग्रिल करताना दार उघडं की बंद, हे पुस्तिकेत बघा. बहुतेक बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये ते बंदच ठेवायचं असतं. अर्धवट उघडं ठेवलं तर निघणारी आच थेट नॉबवर जाते आणि नॉब वितळतात.

कोळसा आत ठेवायचा नाही. चरबीचा थर साचलेल्या बंद डब्यात ठिणगी ठेवणं कसं चालेल? शिवाय कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि ओव्हनचा पंखा तो स्वयंपाकघरात फेकतो. धुंगार द्यायचाच तर भरीत ठेचून पातेल्यात काढल्यावर, खिडकी उघडून, ओट्यावर द्या.

बट्ट्यांवर तूप सोडलं आणि आतून ज्वाळा निघाल्या. घाबरून दार उघडलं, तर भडकाच उडाला. (चाळीसगाव)

दार उघडल्याने हवा मिळाली. असं झालं तर दार बंदच ठेवायचं, मेन स्विच बंद करायचा आणि थांबायचं. आतली हवा संपली की जाळ विझतो. पाणी ओतायचं नाही. दाराच्या कडांतून ज्वाळा बाहेर येत असतील तर गॅस सिलिंडर बंद करून सगळ्यांना घराबाहेर काढा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

तूप ग्रिलच्या लालभडक हीटरवर उडालं की पेटतं. बट्ट्या ग्रिलवर नाही, वरचा-खालचा हीटर लावून १८० अंशांना, खोलगट ट्रेमध्ये ३५ ते ४० मिनिटं भाजा, मधे एकदा उलटा आणि तुपात बुडवायच्या त्या बाहेर काढून. तूप गळू नये म्हणून ओव्हनच्या तळाला फॉइल अंथरणाऱ्यांनाही सांगतो, तसं करू नका. बऱ्याच मॉडेलांत खालचा हीटर तळाच्या पत्र्याखाली असतो. फॉइलने त्याची उष्णता अडते आणि तळाचा मुलामा तडकतो किंवा फॉइल कायमची चिकटते.

काचेवरचे तेलकट डाग जात नाहीत. बोअरचं पाणी घालून स्टीम क्लीन केलं तर तळाला पांढरं चढलं. (धुळे)

पांढरं म्हणजे क्षार. स्टीम क्लीनला आरओचं पाणी वापरा. चढलेल्या थरावर व्हिनेगरने भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं ठेवून पुसा.

काचेला तीन भाग खाण्याचा सोडा आणि एक भाग पाण्याचा लेप रात्रभर लावा, सकाळी ओल्या फडक्याने काढा. स्टीलची घासणी किंवा ब्लेड लावू नका. काच टेम्पर केलेली असते. तिच्यावरचा ओरखडा पुढे कधीतरी तापल्यावर अख्खी काच फोडतो. गरम काचेवर ओलं फडकंही नको. दाराभोवतीचं रबर ओढून काढायचं नाही, कोमट साबणपाण्याने पुसायचं. कॉस्टिक असलेला क्लीनर हीटर, रबर आणि ॲल्युमिनियमच्या ट्रेला लागता कामा नये. आतल्या बाजूंना खरखरीत, राखाडी कॅटॅलिटिक पॅनल असतील तर त्यांना सोडा किंवा साबण काहीच लावू नका, २०० ते २५० अंशांना तासभर रिकामा ओव्हन चालवा, ते स्वतःच तेल जाळतात. पायरोलिटिक सोय (प्रचंड उष्णतेने डाग जाळून राख करणारी) असेल तर ती ४८० अंशांच्या आसपास जाते. त्याआधी जाळ्या, ट्रे आणि सरकते रेल बाहेर काढा, खिडक्या उघडा आणि पिंजऱ्यातला पोपट दुसऱ्या खोलीत हलवा. पक्ष्यांना तो धूर सोसत नाही.

आतला दिवा गेला. घरातला छोटा एलईडी लावू का? (नंदुरबार)

नको, वितळेल. ओव्हनसाठीचा ३०० अंश सोसणारा दिवा मागा, बहुधा २५ वॅटचा. जुना सोबत न्या, कारण काही मॉडेलांत आट्यांचा तर काहींत दोन पिनांचा असतो. एमसीबी पाडा, ओव्हन गार होऊ द्या, काचेची टोपी डावीकडे फिरवून काढा. हॅलोजन असेल तर नवीन दिवा कोरड्या कापडाने धरा. बोटाचं तेल काचेला लागलं की त्याच जागी तो लवकर फुटतो. टोपी पुन्हा बसवल्याशिवाय ओव्हन चालू करू नका.