दयाळ हातावर येईल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही अनगोळला राहतो, घरामागं परसू आहे, दोन नारळ, एक पेरू आणि थोडी वांगी-मिरची. दोन महिने झाले, सकाळी मी कुदळ हातात घेतली की एक काळा-पांढरा पक्षी कुठनं तरी येतोय आणि माझ्यापासून दोन हातांवर बसून शेपटी वर करून बघत राहतोय. मोबाईलवर शोधल्यावर दयाळ आहे एवढं कळलं. नातवानं शेव टाकली पण शिवला नाही. त्याला हातावर घ्यायची लई इच्छा आहे, शेजारी म्हणतात असल्यानं पक्षी बिघडतो. आणि हाच पक्षी गाडीच्या आरशावर रोज चोची मारायलालाय, रागावलाय काय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : काका, पत्र दोनदा वाचलं, इतकं छान वाटलं! तो येतोय तुमच्या कुदळीमागं. दयाळ जमिनीवरचे किडे खाणारा पक्षी, माती उलटली की गांडूळ, अळ्या, वाळवी वर येते आणि ते त्याला पक्कं कळलेलं असतं. खानापूरकडं शेतात नांगर चालू झाला की मागनं गायबगळे चालत येतात ना, तसंच हे. पण म्हणून ओळख नाही असं समजू नका, रोज तीच वेळ, तोच माणूस, अंगावर धावून येत नाही, हे पक्षी बरोबर हेरतात आणि दरवेळी थोडं अंतर कमी करतात. माझ्याकडं एक मादी होती (नर निळसर काळा चमकतो, मादी त्या जागी राखाडी असते), तिला दारातल्या पायरीपर्यंत यायला अख्खा उन्हाळा लागला, आणि ज्या दिवशी ती माझ्या चपलेवर येऊन बसली त्या दिवशी मी हातातला चहा गार होईपर्यंत हलले नाही.

शेव, फरसाण, ब्रेड काही टाकू नका, मीठ-तेल त्यांच्या पोटाला वाईट. खणताना सापडलेल्या अळ्या एका सपाट दगडावर ठेवायच्या आणि आपण पाचसहा फूट मागं उकिडवं बसायचं, उभा माणूस त्यांना फार मोठा दिसतो. टक लावून बघायचं नाही, मान झटकन वळवायची नाही. काही दिवसांनी दगड थोडा जवळ, मग आणखी जवळ, शेवटी दगडाशेजारी जमिनीवर तळहात उघडा ठेवायचा आणि त्यावर एकच अळी. आला तर आला. हात त्याच्याकडं न्यायचा नाही, त्यानं हाताकडं यायचं, नातवाला एवढी एकच गोष्ट घोकून घ्यायला सांगा. चर्र असा खरखरीत आवाज काढला तर उठून चार पावलं मागं जायचं. झुडपालगत खाऊ ठेवू नका, मांजर तिथंच दबा धरून बसतं. आणि चोचीत किडा धरून तो नुसताच इकडंतिकडं बघतोय, गिळत नाही, असं दिसलं की घरटं जवळ आहे आणि तुम्ही वाटेत आहात, तेव्हा बाजूला व्हा.

बिघडायचं म्हणाल तर तुम्ही चिमूटभरच देताय, बाकी पोट तो स्वतः भरतोय, त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते औषध फवारल्यानं, मिरचीवर फवारा मारला की किडे गेले आणि दयाळही गेला. पूर्वी गोड गळ्यासाठी लोक याला पिंजऱ्यात ठेवायचे, शेजारी बांगलादेशात तर तो राष्ट्रीय पक्षी आहे. आपल्याकडं रानपक्षी पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळं पकडायचा विचार कुणी बोललंच तर तिथंच थांबवा.

आरशाचं सोपं आहे. साधारण मार्च ते जुलै विणीचा हंगाम, त्यात नराला आपल्या हद्दीत दुसरा नर खपत नाही आणि आरशात त्याला दुसरा नर दिसतोय. दिवसभर भांडून बिचारा दमतो, आरशावर जुनी पिशवी नाहीतर मोजा चढवा. परसूत पसरट मातीच्या थाळीत दीड-दोन इंच पाणी ठेवा, रोज बदला म्हणजे डास होणार नाहीत, आंघोळ बघायला मिळेल.

प्रश्न : बुलबुलनं दारातल्या टांगत्या कुंडीत घरटं केलंय, 3 अंडी आहेत. आई म्हणते माणसाचा वास लागला तर पक्षी अंडी सोडतो. कुंडीला पाणी घालू काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : कडेनं हळू पाणी घाला, ती उडून गेलेली असताना. वासानं सोडून जातात हे खरं नाही, पण सारखं डोकावलं की कावळ्याला जागा कळते, म्हणून आईंचं ऐकून हात लावू नकाच. उबवायला सुमारे 12 दिवस, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. तेवढे दिवस त्या दारानं जरा हळू ये-जा करा.