बदकर्म वाचताना

भाऊ, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुने मोडी कागद वाचायला बसलास, बरं केलंस. पेशवाईतल्या कागदांत 'बदकर्म' दिसलं की घाईने 'वाईट काम' लिहू नकोस. फारसी 'बद' आणि संस्कृत 'कर्म' जोडून झालेला हा शब्द तिथे बहुधा व्यभिचारासाठी येतो. 'शिंदळकी'चा अर्थ जवळचाच, पण ती थेट शिवीकडे झुकते. आपल्या खेड्यांत आजही बाईमाणसासमोर उच्चारू नये.

सगळ्यात जपायचं ते हे : शब्द कागद लिहिणाऱ्या कारकुनाचा, त्या प्रकरणातल्या बाईचा नव्हे. तिच्यावर जबरदस्ती झाली की तिची खुशी होती, हे 'बदकर्म' सांगत नाही. म्हणून आधी पूर्ण कागद वाच, दंड कोणाला झाला ते बघ, मगच अर्थ लिही.